गाडी सांध्यावरच का अडते?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर सरळ रूळ सहसा त्रास देत नाही. दोन रूळ, त्यांत बारा व्होल्ट आणि वरून फिरणारी चाके. तिथे बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. तक्रार सुरू होते ती सांध्यापाशी, म्हणजे जिथे एका रुळाच्या दोन वाटा होतात तिथे. इंजिन सांध्यावर येऊन दचकते, त्याचा दिवा मिणमिणतो, कधी ते जागीच थांबते. कधी एखादाच डबा नेमका तिथे उतरतो. कधी सांधा बदलायचे बटण दाबले की खटका ऐकू येतो, पण पाती हलत नाहीत. आणि कधी गाडी सांध्यावर चढताच सगळा लेआउट एकदम बंद पडतो.

या दुखण्यांवर छंदवाल्यांनी, कंपन्यांनी आणि मापे ठरवणाऱ्या संघटनांनी गेल्या अनेक दशकांत पुष्कळ उपाय काढले. त्यांतले काही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यांचा आढावा घेताना माझे एक म्हणणे आहे. सांध्यावरचे बहुतेक बिघाड मुळात अवघड नसतात. ते चुकीच्या ठिकाणी शोधले जातात. विजेचा म्हणून ज्याच्यामागे लागावे तो दोष मापाचा निघतो, आणि मोटरचा वाटलेला दोष तारेत सापडतो. कारण सांधा ही लेआउटवरची एकच जागा अशी आहे, जिथे माप, यंत्र आणि वीज तिन्ही एकाच वेळी बरोबर असावी लागतात.

इथे विचार मुख्यतः एचओ आणि ओओ या मापांचा केला आहे. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, ओओ हे ब्रिटिश माप १:७६, आणि दोन्हींच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. एन मापात ते ९ मिलिमीटरच असते, त्यामुळे तिथे सगळ्याच चुका अधिक महागात पडतात.

सांध्याची रचना खऱ्या रेल्वेसारखीच असते. बाहेरचे दोन स्थिर स्टॉक रेल, त्यांना आलटूनपालटून चिकटणारी दोन टंग रेल म्हणजे पाती, पात्यांना जोडणारी आणि हलवणारी आडवी पट्टी, पुढे दोन वाटांचे आतले रूळ जिथे छेदतात तो फ्रॉग, आणि फ्रॉगच्या समोरच्या बाजूला चाकाला योग्य वाटेवर धरून ठेवणारे चेक रेल. फरक आहे तो विजेचा. खऱ्या रेल्वेत डब्याचा लोखंडी आस दोन्ही रूळ विजेने जोडतो आणि त्यावरूनच सिग्नलला कळते की रुळावर गाडी आहे; विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १८७२ मध्ये बांधलेल्या ट्रॅक सर्किटचे तत्त्व तेच. दोन रुळांच्या मॉडेलमध्ये मात्र हीच जोडणी म्हणजे शॉर्ट. म्हणून मॉडेलच्या चाकांच्या जोडीत निदान एका बाजूला इन्सुलेशन ठेवावेच लागते, आणि दोन वेगळ्या ध्रुवांचे रूळ जिथे जवळ येतात किंवा छेदतात तिथे काळजी घ्यावी लागते. सांध्यात ते दोन्ही घडते.

मोजपट्टी आधी, मीटर नंतर

सांध्यावर गाडी अडली की हात आधी मल्टीमीटरकडे जातो. तो थांबवून आधी मापे घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे एनएमआरए, १९३५ मध्ये मिलवॉकीत स्थापन झाली. एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळावर बिनतक्रार चालावी, ही तिच्या स्थापनेमागची मोठी निकड होती. तिची पत्र्याची छोटी मापपट्टी आजही सर्वांत उपयोगी हत्यार आहे. रुळांतले अंतर, चेक रेलजवळची फट आणि चाकांच्या जोडीतले आतले अंतर ही तिन्ही मापे त्या एकाच पत्र्यावर तपासता येतात. युरोपात एनईएम मानके हेच काम करतात.

या तिन्हींत चाकांमधल्या आतल्या अंतराकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. एचओमध्ये ते साधारण १४.४ मिलिमीटरच्या आसपास असावे. एखाद्या जुन्या डब्याची चाके आसावर किंचित आत सरकलेली असली, तर सरळ रुळावर काहीच कळत नाही. सांध्यावर मात्र चाकाची मागची बाजू उघड्या पात्याला घासते. पारंपरिक जिवंत फ्रॉगच्या सांध्यात दोन्ही पाती एकाच ध्रुवाची असतात, म्हणजे उघडे पाते शेजारच्या स्टॉक रेलच्या विरुद्ध ध्रुवाचे. चाकाने त्या दोघांना जोडले की शॉर्ट. आता बघा, इथे दिसणारे लक्षण पूर्णपणे विजेचे आहे. मीटर लावून तारा तपासत बसले तर संध्याकाळ जाईल आणि काही हाती लागणार नाही, कारण डबा काढून घेतला की शॉर्टही गेलेला असतो. उपाय म्हणजे चाके चिमटीत धरून आसावर फिरवत अर्धा मिलिमीटर बाहेर ओढणे.

फ्रॉगपाशी डबा उतरत असेल तर चेक रेलची फट बघावी. ती गरजेपेक्षा रुंद असली की चाक फ्रॉगच्या टोकाकडे सरकते आणि चुकीच्या वाटेला लागते. चेक रेलच्या आतल्या बाजूला पाव मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी चिकटवली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. सांधा पाटावर ठोकताना खिळा जास्त खोल गेला तर स्लीपर मधोमध वाकतो आणि रुळांतले अंतर आवळते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. पोलादी पट्टी रुळांवर आडवी-उभी ठेवून उजेडाकडे बघितले की दिसतो.

पाते पूर्ण बंद होते आहे की नाही, ही पुढची तपासणी. भारतीय रेल्वेत सांध्याच्या यंत्राची चाचणी घेताना टंग रेल आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये ५ मिलिमीटरचा तुकडा ठेवतात. तेवढ्या अडथळ्यावर सांध्याने लॉक होता कामा नये, असा नियम आहे. एचओच्या मापात तो तुकडा ०.०६ मिलिमीटरपेक्षाही पातळ होईल. रुळांखाली पसरलेल्या बारीक खडीचा एक कण याच्या कितीतरी पट मोठा असतो. खडी चिकटवताना पातळ केलेला डिंक पात्यांखाली झिरपतो आणि सुकतो, रूळ रंगवताना रंगाचा पातळ थर पात्याच्या आतल्या बाजूवर बसतो. डिंकामुळे पाती हलायची अडखळतात, रंगामुळे वीज अडते, आणि दोन्हींचा परिणाम एकसारखाच दिसतो. म्हणून खडी आणि रंगाचे काम करण्यापूर्वी पात्यांच्या टोकांपाशी चिकटपट्टी लावून ठेवणे आणि नंतर दातकोरणीने फट साफ करणे हे कंटाळवाणे काम मी कधीही टाळू देणार नाही.

फ्रॉग मृत की जिवंत

फ्रॉगच्या धातूला वीज द्यावी की नाही, यावर छंदात दोन तट आहेत. फ्रॉग प्लास्टिकचा केला तर तारांची कटकट जवळजवळ संपते. सांधा बसवा, वीज द्या, चालवा. पण फ्रॉगवरून जाताना इंजिनाच्या चाकांना तिथे वीज मिळत नाही. सांध्याचा कोन जितका निमुळता तितका हा मृत भाग लांब. लांबलचक डिझेल इंजिन आठ किंवा बारा चाकांनी वीज घेते, त्याला याचे काही वाटत नाही. चार चाकांचे छोटे शंटिंग इंजिन मात्र नेमके तिथे थांबते, कारण एकाच वेळी त्याचे एक चाक मृत भागावर आणि दुसरे धुळीवर असते.

फ्रॉग धातूचा आणि जिवंत ठेवला तर वीज सलग मिळते, पण फ्रॉगचा ध्रुव सांध्याच्या दिशेप्रमाणे बदलावा लागतो. ब्रिटनच्या डेव्हनमधल्या पेको कंपनीचे सांधे जगभर वापरले जातात आणि हा वाद तिच्या मालातच वाचता येतो. इन्सुलफ्रॉग हा मृत फ्रॉगचा प्रकार, इलेक्ट्रोफ्रॉग जिवंत, आणि अलीकडचा युनिफ्रॉग हा मधला मार्ग: फ्रॉगचे छोटे टोक धातूचे पण सुटे, हवे तर तार जोडून जिवंत करा, नाहीतर तसेच ठेवा.

इलेक्ट्रोफ्रॉग बसवताना नवशिक्याला हमखास गाठणारी गोष्ट म्हणजे फ्रॉगच्या पुढच्या दोन आतल्या रुळांवर इन्सुलेटेड जोड हवेत. ते विसरले आणि पुढच्या बाजूने वीज दिली की सांधा एका दिशेला ठीक चालतो आणि दुसरीकडे वळवताच शॉर्ट होतो. असे लक्षण दिसले तर दुसरे काही शोधण्याआधी हे जोड बघावेत.

इन्सुलफ्रॉगचाही एक खास रोग आहे. फ्रॉगच्या टोकाशी विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ अगदी जवळ येतात आणि रुंद चाक त्या दोघांवर एकदम टेकते. क्षणिक ठिणगी, इंजिनाला झटका. तिथे रुळांच्या माथ्यावर नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा एक पातळ हात दिला की मृत भाग दोन-तीन मिलिमीटरने वाढतो आणि ठिणगी थांबते. हा रंग झिजतो, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावा लागतो.

पण सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे. जिवंत फ्रॉगला वीज कोठून मिळते? कारखान्यातून आलेल्या अवस्थेत ती पात्याच्या टोकाने, पाते स्टॉक रेलला चिकटते त्या सुईच्या अग्राएवढ्या जागेतून मिळते. नव्या सांध्यात ही जागा स्वच्छ असते. काही महिन्यांत तिथे धूळ, तेल आणि काळा थर बसतो. हलणाऱ्या, उघड्या, धुळीच्या जागेवर वीजप्रवाहाचा कायमचा भरवसा ठेवणे मला पटत नाही. फ्रॉगला स्वतंत्र तार आणि ध्रुव बदलणारा स्वतंत्र स्विच द्यावा. मग तो सांध्याच्या मोटरला जोडलेला असो, आडव्या पट्टीने दाबला जाणारा मायक्रोस्विच असो, की शॉर्ट जाणवताच आपोआप ध्रुव उलटवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असो. पात्यांनाही आपापल्या स्टॉक रेलशी छोट्या तारेने कायमचे जोडावे, पण त्याआधी पाती फ्रॉगपासून आणि एकमेकांपासून विजेने वेगळी करायला विसरू नये. असे केले की उघडे पाते शेजारच्या रुळाच्याच ध्रुवाचे होते आणि मघाशी सांगितलेला आत सरकलेल्या चाकांचा शॉर्टही उरत नाही.

जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने हा सगळा वाद वेगळ्या वाटेने सोडवला. तिच्या एचओ गाड्यांत दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात आणि दुसरा ध्रुव मधोमध स्लीपरांवरच्या छोट्या धातूच्या टोकांतून, इंजिनाखालच्या घसरपट्टीने घेतला जातो. फ्रॉगचा ध्रुव आणि वळसा घालून परत येणाऱ्या रुळाचा शॉर्ट, दोन्ही प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. रुळांमधली ती टोके डोळ्यांना खुपतात, ही तक्रार खरी आहे. पण लहान मुलांच्या लेआउटसाठी यापेक्षा निर्धोक पद्धत मला माहीत नाही.

मीटर बारा दाखवतो, तरी गाडी चालत नाही

वीज तपासण्याच्या कामात एक गैरसमज घर करून बसला आहे. रुळावर मल्टीमीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणजे रुळाला वीज आहे. तसे नसते. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओम असतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. समजा रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या एखाद्या फिशप्लेटमध्ये गंज बसून १० ओमचा रोध तयार झाला. मीटरच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. त्याच्यावर पडणारा व्होल्टेज काही मायक्रोव्होल्ट. पण इंजिन ०.३ अँपिअर घेऊ लागले की त्याच फिशप्लेटवर ३ व्होल्ट खर्च होतात आणि बारातले नऊच पुढे जातात. म्हणून रुळाची तपासणी नेहमी भार लावून करावी. वाहनाच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा लहान दिवा दोन तारांनी रुळाला लावावा आणि तो लागलेला असताना मीटर बघावा. जिथे दिवा मंद होतो तिथून मागे सरकत जावे. फिशप्लेटच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे मंद, म्हणजे चोर सापडला.

फिशप्लेट रूळ एका रेषेत धरण्यासाठी आहे. वीज वाहण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार सोल्डर करावी आणि ती पाटाखालून जाणाऱ्या जाड मुख्य तारेला जोडावी. या मुख्य तारेची जाडी हा हिशेबाचा भाग आहे. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याच्या तारेचा रोध दर मीटर लांबीला सुमारे ०.०३४ ओम असतो. पुरवठ्यापासून १० मीटर दूर असलेल्या सांध्यापर्यंत जायची आणि यायची मिळून २० मीटर तार होते, रोध ०.७ ओम, आणि दोन इंजिने मिळून २ अँपिअर घेत असतील तर वाटेतच १.४ व्होल्ट गळतात. घराच्या वायरिंगमध्ये इलेक्ट्रिशियन ज्याला अडीचची वायर म्हणतो ती वापरली तर हीच गळती ०.३ व्होल्टच्या आत येते. आपल्याकडे ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

जिथे दिवा मंद होतो तिथे रूळ कशाचा आहे, हेही पाहावे. निकेल सिल्व्हरच्या रुळात चांदी मुळीच नसते, तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू असतो; पण तो टिकतो आणि त्यावरचा थर वीज फारशी अडवत नाही. पितळेवरचा थर अडवतो. पोलादी रूळ स्वस्त संचांत येतो आणि कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात गंजतो. बाकमनच्या ईझी ट्रॅकमध्ये काळ्या पायाचा रूळ पोलादी आणि राखाडी पायाचा निकेल सिल्व्हरचा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी जुना संच घेताना फसगत टळते.

शॉर्ट शोधण्याची रीत

शॉर्ट म्हटला की माणूस घाबरतो, पण तो शोधायला सोपा असतो. कारण तो असतो तेव्हा ठामपणे असतो. त्रास देतात ते अधूनमधून तुटणारे जोड.

शॉर्टसाठी लेआउटचे तुकडे करता यायला हवेत. मुख्य तार ठिकठिकाणी स्क्रूच्या कनेक्टरने जोडलेली असेल तर सोळा विभागांचा लेआउट आधी मधोमध तोडावा. शॉर्ट कोणत्या अर्ध्यात आहे ते कळले की त्याचे पुन्हा दोन भाग. चार पावलांत सोळापैकी एक विभाग हाती येतो. सगळ्या तारा एकाच गाठीत पिळून टेप लावलेल्या असतील तर हे करता येत नाही, आणि मग लोक रूळ उखडायला लागतात. तारांना रंग आणि खुणा देऊन त्यांची वहीत नोंद ठेवणे हे काम बांधणीच्या उत्साहात मागे पडते, आणि नंतर प्रत्येक दुरुस्तीला त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरे साधन पुन्हा दिव्याचे. वाहनाचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा विभागाच्या तारेत मालिकेत बसवला की एरवी त्याची तार थंड असते, रोध कमी असतो आणि गाडी चालत राहते. शॉर्ट झाला की सगळा व्होल्टेज दिव्यावर येतो, तो भगभगून पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखून धरतो. कोणत्या विभागात शॉर्ट आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

एक शॉर्ट असा आहे की तो बिघाडाने होत नाही, आराखड्यातच असतो. रूळ गोल वळसा घेऊन परत स्वतःलाच मिळतो तेव्हा डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो. त्रिकोणी जोडणीतही हेच होते. अशा वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत फटी ठेवाव्या लागतात आणि मधल्या भागाचा ध्रुव स्विचने किंवा आपोआप उलटवावा लागतो. हा मधला भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर इंजिन बाहेर पडताना शेवटच्या धातूच्या चाकाने आत येणारी फट अजून जोडलेली असते. कागदावर रुळांचा नकाशा काढून एक रूळ लाल आणि दुसरा निळा रंगवत गेले की लाल निळ्याला कुठे मिळतो ते पाट कापण्याआधीच कळते.

बटण दाबले, पाती हलली नाहीत

सांधा हलवणाऱ्या यंत्रांत आज तीन घराणी आहेत. पहिले सॉलेनॉइडचे. दोन गुंडाळ्या, मधे लोखंडी दांडा, ज्या गुंडाळीला झटका द्याल तिकडे दांडा उडी मारतो. हे यंत्र काही अँपिअर प्रवाह घेते, पण क्षणभरच घ्यायला बांधलेले असते. बटण अडकून राहिले तर गुंडाळी काही सेकंदांत तापते आणि जळते. सॉलेनॉइड जळण्याचे खरे कारण बहुतेकदा बटणातच असते, हे नवीन सॉलेनॉइड बसवण्यापूर्वी आठवावे.

पाती अर्ध्यावर अडकत असतील तर झटका कमी पडतो आहे. त्यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २२ व्होल्टपर्यंत भरला की त्यात सुमारे एक ज्यूल ऊर्जा साठते आणि बटण दाबताच ती एकदम गुंडाळीत रिकामी होते. बटण अडकले तरी कपॅसिटर रिकामा झाल्यावर गुंडाळी सुरक्षित राहते. दोन समांतर रूळ जोडणाऱ्या क्रॉसओव्हरचे दोन सांधे एकाच बटणावर असतील तर कपॅसिटर मोठा हवा. आणि तार बारीक असेल तर झटक्याचा मोठा वाटा तारेतच विरतो. रुळाच्या तारेचा हिशेब इथेही लागू आहे, उलट जास्तच.

दुसरे घराणे संथ मोटरचे. सर्किट्रॉन कंपनीची टॉर्टॉइज ही त्यातली सर्वांत परिचित. ती शेवटाला पोचल्यावर अडून राहते आणि तशीच वीज घेत राहते, पण १२ व्होल्टला ती अडलेल्या अवस्थेतही जेमतेम १६ मिलिअँपिअर घेते, त्यामुळे जळत नाही. शिवाय पात्याला सतत रेटा देत राहते आणि फ्रॉगसाठी लागणारे स्विच तिच्यातच असतात. तिच्याबाबतची नेहमीची तक्रार, म्हणजे मोटर फिरते पण पाते टेकत नाही, ही मोटरची नसून तिच्या पोलादी तारेची असते: पाट जाड आणि तार बारीक. जाड तार घातली की काम होते. पेकोच्या सांध्यात पात्याला झटकन एका बाजूला फेकणारी स्प्रिंग असते. संथ मोटर लावताना ती काढावी, म्हणजे पाती सावकाश आणि पूर्ण सरकतात.

तिसरे घराणे छोट्या सर्वो मोटरींचे, जे विमानांच्या मॉडेलांतून इकडे आले. एसजी ९० जातीची मोटर आणि एक आर्डुइनो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतात, आणि परदेशी मोटरच्या तुलनेत खर्च फारच कमी येतो. आपल्याकडच्या छंदवाल्यांना मी हीच वाट सुचवीन, फक्त तिचे दोन अवगुण सांगून. वीज सुरू होताना ती एकदा थरथरते आणि पाती भलतीकडे फेकू शकते. आणि तिच्या संदेशाच्या तारा रुळाच्या तारांना समांतर लांबवर नेल्या तर ती कारणाशिवाय फडफडते. सर्वोला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आणि तारांना वेगळा मार्ग दिला की दोन्ही त्रास पुष्कळ कमी होतात. फ्रॉगसाठी मायक्रोस्विच मात्र वेगळा बसवावा लागतो.

सांधे, सिग्नल आणि विभाग एकत्र सांभाळण्याचा प्रश्न किती खोल जाऊ शकतो हे एमआयटीच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबने दाखवले. १९४६ मध्ये सुरू झालेल्या या क्लबच्या लेआउटखाली टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले आणि स्विचांचे प्रचंड जाळे होते आणि ते सांभाळणारी सिग्नल्स अँड पॉवर ही उपसमिती होती. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात संगणकावरच्या पहिल्या पिढीच्या प्रयोगशील मुलांची गोष्ट याच पाटाखालून सुरू होते. कुठला रिले चिकटला आहे हे शोधत बसलेली ती मुले पुढे संगणकातले दोष शोधू लागली.

डिजिटल झाल्यावर काय बदलले

जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले डीसीसी हे डिजिटल नियंत्रणाचे मानक एनएमआरएने १९९० च्या दशकात स्वीकारले. रुळावर आता कमीजास्त होणारा डीसी नसतो. पूर्ण व्होल्टेजची, ध्रुव सतत उलटणारी चौकोनी लहर असते आणि तिच्यातच संदेश असतो. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असली तर एक, १०० किंवा जास्त असली तर शून्य. इंजिनातला डिकोडर आपला पत्ता ओळखून तेवढाच हुकूम पाळतो.

तारा दोनच लागतात, अशी जाहिरात त्या काळात होत असे. ते अर्धसत्य आहे. डीसीच्या लेआउटवर सांध्यावर क्षणभर शॉर्ट झाला तर इंजिन जडत्वाने पुढे जाते आणि कुणाला कळतही नाही. डीसीसीत रुळाला वीज पुरवणारा बूस्टर तो शॉर्ट काही मिलिसेकंदांत ओळखतो आणि त्याच्यावरच्या सगळ्या गाड्या थांबवतो. पूर्वी खपून जाणारे सांधे एकाएकी नापास होतात आणि दोष डिजिटल यंत्रणेला दिला जातो. म्हणूनच डीसीसीत लेआउटचे विभाग करून प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट ब्रेकर देणे मला ऐच्छिक वाटत नाही.

डीसीसीत धोकाही आहे. ५ अँपिअरचा बूस्टर १४-१५ व्होल्टला सत्तर वॅटहून जास्त शक्ती एका बिंदूवर ओतू शकतो. लांब तारेच्या रोधामुळे प्रवाह ५ अँपिअरच्या किंचित खाली राहिला तर बूस्टरला तो शॉर्ट वाटतच नाही आणि चाकाशेजारचे प्लास्टिक वितळते. त्यासाठी नाण्याची चाचणी करावी: लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक सांध्यापलीकडे, रुळांवर धातूचे नाणे आडवे ठेवायचे. बूस्टर तत्काळ बंद झाला पाहिजे. जिथे होत नाही तिथली तार अपुरी आहे. आणि एक लक्षात ठेवावे, साधा मल्टीमीटर ५० हर्ट्‌झच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो. डीसीसीच्या काही हजार हर्ट्‌झच्या लहरीचा त्याचा आकडा खरा मानू नये. दोन जागांची तुलना करायला मात्र तो पुरतो.

स्वच्छता, आणि आपली हवा

रूळ पुसण्याबद्दल मतभेद फार आहेत. बराच काळ आयसोप्रोपिल अल्कोहोल हाच सर्वमान्य उपाय होता. अलीकडे बरेच जण सांगतात की मिनरल स्पिरिटसारखी ध्रुवीय नसलेली द्रावणे चांगली, कारण अल्कोहोलनंतर चाक आणि रूळ यांच्यातल्या बारीक ठिणग्यांनी काळा थर लवकर परततो. माझे मत या दुसऱ्या बाजूकडे झुकते. दोन्ही द्रावणे ज्वलनशील आहेत, तेव्हा वीज बंद करून आणि खिडकी उघडी ठेवूनच ती वापरावीत. पॉलिश पेपर मात्र कधीही नको. त्याचे ओरखडे पुढच्या मळाला घर देतात. रूळ स्वच्छ असूनही गाडी अडत असेल तर चाके बघावीत. कागदी रुमाल द्रावणात भिजवून रुळावर आडवा टाकावा आणि इंजिनाची अर्धी चाके त्यावर फिरवावीत. कागदावर उमटणाऱ्या काळ्या रेघा सगळे सांगतात.

आपल्या हवेत लाकूड हा वेगळा भिडू आहे. निकेल सिल्व्हरचा दहा मीटर रूळ वीस अंशांच्या फरकाने तीनेक मिलिमीटर वाढतो, आणि पावसाळ्यात फुगणारा पाट त्याला स्वतःच्या चालीने ओढतो. फटी न ठेवता सोल्डर केलेला रूळ मे महिन्यात वाकतो, आणि कापलेल्या इन्सुलेशन फटी मिटून नवा शॉर्ट तयार होतो. फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला की हे टळते. एमडीएफपेक्षा चांगला, कडांना वॉर्निश दिलेला प्लायवूड घ्यावा.

हवेसारखाच आपल्या घरच्या विजेचाही फटका बसतो. अमेरिकेतल्या नातलगांनी आणलेल्या संचाचा पुरवठा १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडच्या २३० व्होल्टला तो लावताच जळतो, आणि घरचे समजतात की गाडीच बिघडलेली आली. गाडी धडधाकट असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किंवा इथला १२ व्होल्टचा नियंत्रक लावला की चालते. मोठा लेआउट चालता कसा ठेवतात हे बघायचे असेल तर पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे मुलांसोबत उभे राहताना गाड्यांबरोबर सांधेही बघावेत.

सध्या दोन नव्या वाटा पुढे आल्या आहेत. एक म्हणजे डिकोडरला जोडलेला साठवणीचा कपॅसिटर. त्यामुळे इंजिन मृत फ्रॉगवरून काही क्षण बिनविजेचे पुढे जाते. छोट्या इंजिनांसाठी तो वरदान आहे, पण तो लावण्याआधी सांधा दुरुस्त झालेला हवा. नाहीतर तुटलेला जोड महिनोन्‌महिने लपून राहतो आणि एखाद्या दिवशी दिवे लावलेला, कपॅसिटर नसलेला डबा तो उघड करतो. दुसरी वाट म्हणजे रूळ विजेपासून पूर्ण मोकळे करणे, गाडीतच बॅटरी ठेवणे आणि रेडिओने हुकूम देणे. मोठ्या मापांत आणि बागेतल्या गाड्यांत ती रुजली आहे, एचओच्या छोट्या इंजिनात बॅटरीला अजून पुरेशी जागा मिळत नाही. ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्या लेआउटवर फ्रॉगचा ध्रुव, वळशाचा शॉर्ट आणि फिशप्लेटचा गंज हे विषय संपले. आत सरकलेली चाके, रुंद चेक रेल आणि पात्यात अडकलेली खडी यांची तपासणी मात्र तिथेही पहिल्यासारखीच, मोजपट्टी हातात घेऊन करावी लागते.